नळीवरचा पैसा

रविवार, १९ ऑगस्ट १९५६

हवालदारांनी प्रत्येकाला एक वही ठेवायला सांगितली आहे. तारीख, उजेड कसा होता, वारा होता का, गोळ्या किती, कुठे लागल्या, आणि शेवटी मनात काय चाललं होतं ते. शेवटचं खोटं लिहू नका, म्हणाले, कारण वही तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही.

आज गोळी नव्हतीच. परळच्या व्यायामशाळेमागे भिंतीलगत पंचवीस यार्डांची लांबोडकी जागा आहे, तिथे काथ्याच्या चटईवर पालथं पडून रिकामी रायफल दोन तास धरली. कोपरं सोलली. आम्ही नवीन सहाजण. दोन बँकेतले, एक कॉलेजातला मुलगा, बाकी असेच. शेहेचाळीस वर्षांचा मी एकटाच. हवालदारांचं नाव शामराव. महार रेजिमेंटमध्ये होते, ब्रह्मदेशात लढले. आवाज अजिबात चढवत नाहीत.

अर्जावर 'शिकण्याचे कारण' असा एक रकाना होता. तो मी मोकळा सोडला. हवालदारांनी अर्ज पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच ठेवून घेतला.

घरी बायकोला, बकुळेला, सांगितलं, व्यायामशाळेत जातो, डॉक्टरने सांगितलंय. ती काही म्हणाली नाही. आमचा जयवंत गेल्यापासून ती फारसं काही म्हणत नाही. काल सात महिने झाले.


रविवार, २६ ऑगस्ट

आज पहिल्यांदा गोळी मारली. पाच. कागदावर एकच सापडली, तीही कोपऱ्यात.

आवाजाची मला धास्ती होती. जानेवारीतला आवाज अजून कानात आहे. गिरणीत कोणी गासडी आपटली तरी मी दचकतो. पण ही रायफल लहान, पॉइंट टू टू. नुसतं टक् झालं. लाकडी पेटीचं झाकण पडावं तसं. मी तसाच पडून राहिलो. एवढ्याशा आवाजात एवढं होतं, हे मला पटेना. हवालदार म्हणाले ही शिकायची बंदूक, मोठीचं वेगळं असतं.

मग ते म्हणाले, गोळी सुटली तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, नाही. गिरणीत फोल्डिंग खात्यात बावीस वर्षं कापड तपासतोय. टेबलावरून धावत्या ताग्यातला तुटका धागा मला दिसतो. माझे डोळे मिटले तर मला कळणार नाही का? त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या गोळ्यांना बँकेतल्या एकाला माझ्या तोंडाकडे बघत बसवलं. तो म्हणाला, दर वेळी मिटतात.

मनात काय होतं: लाज.


रविवार, २ सप्टेंबर

पावसाने रेंज बंद. वहीत खोटं लिहायचं नाही, तर जे कारण रकान्यात लिहिलं नाही ते इथे लिहितो.

१८ जानेवारी, बुधवार. मुंबई वेगळी काढणार हे ऐकून दोन दिवस गिरणगाव पेटलेलं होतं. लालबागला आमच्या चाळीखाली पोलिसांची रांग उभी होती. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. रांगेत आमच्या गावचा चिंतामणी होता. आमची घरं गावी एका वाडीत, मध्ये फक्त एक दगडी गडगा. तो आठदहा वर्षं पोलिसात आहे, नायगावला लायनीत राहतो. जयवंत मला बोलवायला बाहेर आला. म्हणाला, "बाबा, आत या, आई ओरडतेय." त्याच वेळी चिंतामणीने बंदूक उचलली, गाल दस्त्याला लावला आणि नळी आमच्या गॅलरीकडे वळवली. साठ पावलं असतील. बार झाला. जयवंत माझ्या मागे खाली बसला. पडला नाही, बसला. वीस वर्षांचा होणार होता मार्चमध्ये.

हे सगळं मी गेल्या फेब्रुवारीत गावच्या मुंबई मंडळापुढे सांगितलं. घोडपदेवला मंडळाची खोली आहे, तिथे शिमग्याआधी दर वर्षी बैठक भरते. अप्पा आमचे गावकार, गावाचे प्रमुख. त्यांनी देवाचा नारळ पुढे ठेवला आणि मला त्यावर हात ठेवायला सांगितला. मी ठेवला. एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण तीच माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बार झाल्यावरसुद्धा चिंतामणी तसाच उभा होता. नळी तसूभर हलली नाही. गाल तसाच दस्त्याला, डोळा तसाच आमच्यावर. खोलीतली माणसं हे ऐकून चुकचुकली. अप्पा म्हणाले, राजारामची नजर आहे ही, कापडातला दोष काढणारी, ती चुकायची नाही.

चिंतामणीला विचारलं, बंदूक रोखली होतीस का. तो म्हणाला, "होय." गोळी झाडलीस का, यावर खाली मान घालून गप्प. मंडळाने त्याला वाळीत टाकलं. शिमग्यात देवीची पालखी गावात घरोघर जाते, ती त्याच्या अंगणात गेली नाही. त्याच्या म्हातारीने सारवून रांगोळी काढून ठेवली होती. पालखी गडग्यापाशी वळली, असं गावाहून आलेल्यांनी सांगितलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

एप्रिलमध्ये त्याची बायको अंबिका आमच्या दारात आली. बकुळेला म्हणाली, त्यांनी बार काढलाच नाही. बकुळेने दार लावलं. खोटं बोलायलासुद्धा काही मर्यादा असते.

बंदूक शिकून मला काय करायचं आहे ते मला नीट ठाऊक नाही. त्या माणसाला त्या वेळी काय काय दिसत होतं, ते कळावं असं वाटतं.


रविवार, १६ सप्टेंबर

आता गोळी कमी, सराव जास्त. रिकाम्या रायफलीच्या नळीवर, पुढच्या टोकाशी, एक पैसा ठेवायचा आणि घोडा दाबायचा. पैसा पडला तर तुम्ही झटका दिलात. सगळ्यांचे पैसे टणटण पडत होते.

माझ्याकडे ढब्बू पैसा होता. इस्पितळातून जयवंतचं पुडकं मिळालं त्यात सदरा, कंगवा आणि हा. मी तो पाकिटात ठेवतो. आज तोच काढला. अकरा वेळा पडला.

हवालदार म्हणाले, गोळी सुटल्यावरही हलायचं नाही. सुटली म्हणून लगेच मान वर काढाल तर ती सुटायच्या आधीच तुम्ही हललेले असता. तसंच पडून राहायचं, बघत राहायचं.

मला चिंतामणी आठवला. त्याच्या नळीवरून पैसा पडला नसता. किती सराव केला असेल त्याने.


रविवार, ७ ऑक्टोबर

पैसा पाच वेळा राहिला. कागदावर दहापैकी सात.

आज नेमाचा धडा. नळीवर मागे फट, पुढे टोकाला माशी म्हणजे छोटा लोखंडी उंचवटा, आणि पलीकडे कागदावरचा काळा चांद. मी तिन्ही एकदम बघायचा प्रयत्न करत होतो. हवालदार म्हणाले, तीन गोष्टी तीन अंतरांवर, डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघतो. माशी स्पष्ट ठेवायची. चांद पुसट होऊ द्यायचा.

मी विचारलं, ज्याला मारायचं तेच पुसट?

"तेच पुसट. माशी सोडून तिकडे बघाल तर चुकलात."

करून पाहिलं. खरंच तसं आहे. माशी काळीभोर, कडा धारदार, आणि पलीकडे नुसता डाग. माझ्या पाचही गोळ्या चांदात गेल्या. पहिल्यांदाच. बँकेतल्यांनी पाठ थोपटली. मी चटई सोडून भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

नऊ महिने मी धरून चाललो होतो की त्याने जयवंतचं तोंड बघून मारलं. त्याला तोंड दिसलंच नसेल. डाग दिसला असेल.


रविवार, १४ ऑक्टोबर

बकुळेला कळलं. सदऱ्याला तेलाचा वास येतो, डॉक्टर असला कसला व्यायाम सांगतो, म्हणाली. मी सांगितलं. ती रडेल, नाहीतर भांडेल असं वाटलं होतं. ती भात वाढत होती. हात तसाच थांबला.

"किती लांबून लागतं तुम्हाला?"

मी म्हटलं, पंचवीस यार्ड. तीस पावलांच्या आतबाहेर.

"साठ होईल?"

मी म्हटलं, होईल.

"मग नीट शिका," ती म्हणाली आणि माझ्या पानात आणखी भात घातला.

जेवण गेलं नाही. बायकोला काय वाटतं ते बायकोलाच माहीत. तिने जानेवारीपासून गॅलरीत पाऊल टाकलेलं नाही. कपडेसुद्धा आत दोरी बांधून वाळवते, खोलीत सदा ओल असते.


रविवार, ४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. दिवा लावला नाही. गुरुवारपासून आपण गुजरातसकट एका मोठ्या राज्यात आहोत. चाळीत सगळे तावातावाने बोलत होते, मी मान डोलावली. जयवंत असता तर वाद घातला असता.

रेंज झाल्यावर पाय नायगावकडे वळले. पोलीस लायनीसमोर रस्त्यापलीकडे उभा राहिलो. थोड्या वेळाने चिंतामणी बादली घेऊन नळावर आला. वाळला आहे. नळावर आमच्याच तालुक्यातली दोन माणसं होती, ती तो आल्यावर बाजूला झाली. त्याने बादली भरली आणि गेला. मला पाहिलं नाही.

तिथून परतताना नळापासून मी उभा होतो तिथपर्यंत पावलं मोजली. उगीच मोजली. चौसष्ट भरली.


रविवार, १८ नोव्हेंबर

दहापैकी दोन. बाकी डाव्या बाजूला, खाली.

हवालदारांनी माझा कागद उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला. मग माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"राजारामभाऊ, चांदाला नाकडोळे नसतात. तुम्ही कुणाचं तोंड बघताय?"

मी रायफलीचा दस्ता पुसत राहिलो.

"तोंड दिसायला लागलं की बोट चालत नाही. चाललंच तर वाकडं चालतं. मी पाहिलंय." ते उठले. "पुढच्या खेपेला मोकळे होऊन या. नाहीतर येऊ नका."

मनात काय होतं: नळ, बादली.


रविवार, १६ डिसेंबर

गेल्या रविवारी रेंज नव्हती. बाबासाहेब गेले त्याला आज दहा दिवस. त्या शुक्रवारी परळपासून दादरपर्यंत रस्ता दिसत नव्हता, नुसती माणसं. गिरणीतले अर्धे माग बंद होते.

आज हवालदार आले. ऑक्टोबरमध्ये नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती, तेव्हा पेढे वाटले होते. आज डोळे सुजलेले. दाखवायला म्हणून त्यांनी पाच गोळ्या मारल्या, दोन चांदाबाहेर गेल्या. त्यांची गोळी बाहेर गेलेली मी कधी पाहिली नव्हती. कॉलेजातल्या मुलाने तोंड उघडलं, मी त्याला नजरेनेच थांबवलं. हवालदार म्हणाले, आज हात माझा नाही.

आम्ही दोघांनी मिळून चटया गुंडाळल्या. ते माझ्या कोणाबद्दल विचारत नाहीत, मीही काही विचारलं नाही. बरं वाटलं.


शुक्रवार, १८ जानेवारी १९५७

वर्ष झालं. श्राद्ध केलं. भटजी लवकर गेले.

संध्याकाळी अप्पा आले. बकुळेशी थोडं बोलले, मग मला म्हणाले, मंडळाची बैठक २४ फेब्रुवारीला ठेवली आहे. चिंतामणीचा विषय आता कायमचा मिटवायचा. एक वर्षाचं वाळीत टाकणं झालं, आता नाव मंडळाच्या वहीतून काढायचं, म्हणजे पालखी त्या घराला पुन्हा कधी जाणार नाही आणि त्यांच्या मयताला वाडीतला माणूस उभा राहणार नाही. म्हातारी फार आजारी आहे. ती मेली तर गावात पेच होईल, त्याआधी ठरलेलं बरं. मला फक्त नारळावर हात ठेवून गेल्या वर्षीचा शब्द पुन्हा सांगायचा आहे.

मी म्हटलं, सांगेन.

अप्पा गेल्यावर बकुळा म्हणाली, "नळी हलली नाही, ते सांगा. ते विसरू नका."


रविवार, ३ फेब्रुवारी

दहापैकी नऊ. हवालदारांनी चौघांना मोठ्या रेंजसाठी निवडलं. सतराला वडाळ्याला, मिठागरांपलीकडे. तिथे थ्री नॉट थ्री. पोलिसांकडे असते तीच, म्हणाले. मी विचारलं, अगदी तीच? अगदी तीच.

पैसा आता वीसपैकी वीस वेळा राहतो.


रविवार, १७ फेब्रुवारी

खांदा वर होत नाही. अक्षर असंच येणार.

सकाळी आठला पोचलो. मातीचा उंच बांध, अलीकडे पांढरी सपाट जमीन. रायफल उचलली तर आमच्या लहानीच्या दीडपट वजन. आधी चौघांना पालथं पाडून एकेक गोळी मारायला लावली. माझी पाळी शेवटची. पहिल्या तिघांचे बार ऐकून मी कानांत बोटं घातली होती, तरी छातीत लागत होते. हाच तो आवाज. बरोबर हाच. मी घरी निघून जाणार होतो.

मी मारली. कोणीतरी खांद्यावर मुसळ हाणावं तसं झालं. चटईवरून मी मागे सरकलो. बांधावर गोळी कुठे गेली कळलंच नाही.

मग उभ्याने. सवयीने मी नळीच्या टोकाशी पैसा ठेवला. हवालदार हसले. "तो आज घरी ठेवायचा होता, भाऊ. मिठागरात शोधत बसाल." मी म्हटलं, राहील. माझा पडत नाही.

गाल दस्त्याला लावला. माशी स्पष्ट. पैसा तिच्यापुढे, हलत नव्हता. घोडा दाबला. नळी आभाळाकडे उडाली, मी एक पाऊल मागे गेलो, टोपी पडली. पैसा कुठे गेला ते दिसलंसुद्धा नाही.

मी पुन्हा गोळी मागितली. आणखी एक. आणखी एक. सर्व मिळून पाच झाल्या. पाचही वेळा मी पूर्ण ताकदीने नळी दाबून धरली, पाचही वेळा ती उठली. मग रायफल खाली ठेवून हवालदारांना विचारलं, फार सराव असेल, वर्षानुवर्षांचा, तर स्थिर ठेवता येते का?

"पंधरा वर्षं झाली, माझी उडते. बंदूक आहे, लाटणं नव्हे. बार निघाला की नळी उठणारच."

मी म्हटलं, आणि उठली नाही तर?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ज्याची नळी उठली नाही, त्याचा बार निघाला नाही."

मी खाली बसलो. मातीत, तसाच. बाकीच्यांना वाटलं दुखावलो. नंतर मी पैसा शोधू लागलो. हवालदार काही न विचारता माझ्याबरोबर वाकून शोधत राहिले. ऊन वर आलं, मीठ चमकायला लागलं, सगळीकडे पैसाच दिसायला लागला. मिळाला नाही.


मंगळवार, १९ फेब्रुवारी

दोन दिवस गिरणीत माझ्या हाताखालून दोषी कापड पास झालं. साहेबांनी बोलावून ताग्याचा फाटका काठ दाखवला. मला तो दाखवल्यावरही दिसायला वेळ लागला.

नळी हलली नव्हती. हे मला कोणी सांगितलेलं नाही. मीच पाहिलं, मीच सगळ्यांना सांगितलं, त्यावरूनच त्याला शिक्षा झाली. अंबिका खरं बोलत होती.

चुकीचं आठवत असेल असं स्वतःला दहादा सांगून पाहिलं. आठवत नाही ते एवढंच, की बार एक झाला की दोन. नळी मात्र लख्ख आठवते.


बुधवार, २० फेब्रुवारी

बकुळेला सांगितलं. सदरा काढून खांदा दाखवला. काळानिळा झाला आहे, मध्ये पिवळं. तिने बोटाने दाबून पाहिलं, मी कळवळलो.

सगळं ऐकून तिने सदरा माझ्या अंगावर टाकला.

"मग कोण?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. रांगेत आणखी माणसं होती.

"मग कोण?" पुन्हा तेच. मग म्हणाली, "मी रोज त्याचं नाव घेऊन उठते. त्याच्या नावाने भाकरी थापते. आता कुणाचं नाव घेऊ? तुम्ही माझ्याकडून तेवढंसुद्धा काढून घेतलंत."

ती म्हणाली, बैठकीत बोलू नका. वर्षभर झालं, जुळून गेलं सगळं. म्हातारी आज ना उद्या जाईलच. माझी स्वतःचीसुद्धा तीच इच्छा आहे, हे इथे लिहून ठेवतो.


रविवार, २४ फेब्रुवारी

रेंजवर गेलो नाही. दहाला घोडपदेवला गेलो. रस्त्यात निवडणुकीचे कर्णे ओरडत होते. खोलीत चाळीसएक माणसं, दाराबाहेर जिन्यावर चिंतामणी एकटा उभा. वाळीत टाकलेल्याला आत बसता येत नाही. मी त्याच्या अंगावरूनच आत गेलो. त्याने भिंतीला अंग चोरलं.

आधी पालखीचे भोई ठरले. मग अप्पांनी नारळ माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, गेल्या वर्षीचंच सांग, तेवढंच.

मी हात ठेवला नाही. उभा राहून सदऱ्याची बटणं सोडली. माणसं बघायला लागली. कोणीतरी मागून म्हणालं, अरे याला घेरी येतेय, पाणी द्या. मी खांदा उघडा केला आणि सांगितलं, ह्या पाच गोळ्यांच्या खुणा आहेत, पोलिसांच्या बंदुकीच्या. मी स्वतः मारल्या. बार निघाला की नळी उडते आणि माणूस मागे जातो. कोणाच्याही बाबतीत. गेल्या वर्षी मी ह्याच खोलीत नारळावर हात ठेवून सांगितलं, की चिंतामणीची नळी हलली नाही. ते खरं आहे. म्हणजे त्याने गोळी झाडली नाही. मी सांगितलेलं खरं होतं, त्याचा अर्थ खोटा होता.

अप्पा म्हणाले, "राजाराम, काय सांगताव हे? देवाच्या नारळावर शब्द दिलाव तुम्ही. म्हातारीच्या अंगणातून आम्ही पालखी फिरवली, तुमच्या शब्दावर."

मी म्हटलं, होय.

कोपऱ्यातून एकजण म्हणाला, पोलीस झाला तरी आपल्यावर बंदूक रोखलीच ना त्याने. दुसरा म्हणाला, पैसे चारले असतील. हा दुसरा माझा चुलत मेव्हणा. मी बटणं लावली. लावता येईनात.

एक गोष्ट मी गेल्या वर्षी सांगितली नव्हती, तीही सांगितली. त्या दिवशी सगळे आत गेले होते. मी गॅलरीत राहिलो कारण रांगेत चिंतामणी दिसला. आपला माणूस खाली आहे, आपल्याला काय होणार, असं वाटलं. मी त्याला हात केला. जयवंत मला आत न्यायला बाहेर आला. मी आत गेलो असतो तर तो आला नसता.

शेवटी अप्पांनी नारळ उचलून देव्हाऱ्यात ठेवला. निर्णय दिला: चिंतामणीचं वाळीत टाकणं उठवलं, पालखी त्याच्या अंगणात पहिली जाईल. चुकीचा शब्द दिला म्हणून ह्या वर्षी माझ्या घरी जाणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

जिन्यावर चिंतामणी थांबला होता. आतलं सगळं त्याने ऐकलं होतं. मी विचारलं, मागच्या वर्षी गप्प का राहिलास?

"झाडायचा हुकूम होता, दादा. झाडली नाही म्हणून चारचौघांत बोललो असतो तर पट्टा गेला असता, नोकरी गेली असती. आणि तुम्ही नारळावर हात ठेवलेलात. तुमचा मुलगा गेलेला. तुमच्यासमोर काय बोलू?"

मी विचारलं, मग नळी का वळवलीस आमच्याकडे?

"सगळ्यांनीच वळवली. नेम धरायला गेलो, तर तुम्ही हात केलात." तो जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. "मग माशी दिसेनाच. तुमचंच तोंड दिसायला लागलं. मी नुसता धरून उभा राहिलो. बाजूला बार झाला."

मी विचारलं, बाजूला कोणाचा?

तो म्हणाला, "मी तुमच्याकडे बघत होतो, दादा."


रविवार, ३ मार्च

दहापैकी शून्य. घोडा दाबलाच नाही. अर्धा तास पडून राहिलो. हवालदारांनी विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, सगळंच दिसतंय. ते म्हणाले, मग ठेवा रायफल. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, पुसली आणि पेटीत ठेवली. चहा पाजला. माझा अर्ज काढून म्हणाले, तो रकाना अजून मोकळा आहे. मी म्हटलं, तसाच राहू द्या.


बुधवार, २० मार्च

शिमगा झाला. आज गिरणीतून आलो तर खोलीत बकुळा नव्हती. गॅलरीत होती, कठड्याशी, हातात पिळलेला टॉवेल. खोलीतली दोरी सोडून ठेवलेली. मी उंबऱ्यातच थांबलो.

म्हणाली, अंबिका आली होती. पालखीचा प्रसाद ठेवून गेली. मी दार लावलं नाही.

मग तिने विचारलं, "कुठे उभा होता चिंतामणी?"

मी जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो आणि दाखवलं. पानाच्या गादीजवळ, दिव्याच्या खांबापाशी.

"आणि बाकीचे?"

त्याच्या डावीकडे तीन, उजवीकडे चार.

"त्यांची तोंडं कशी होती?"

मी आठवून पाहिलं. चिंतामणी स्पष्ट आहे, टोपीच्या पट्ट्यापर्यंत. दोन्ही बाजूंना नुसते खाकी डाग.

मी म्हटलं, मी त्याच्याकडेच बघत होतो.

ती खांबाकडे बघत राहिली, मग त्याच्या डावीकडे, मग उजवीकडे, एकेका जागी थांबत, जणू तिथे अजून कोणी उभं आहे. मग टॉवेल झटकून तिने बाहेरच्या दांडीवर वाळत घातला.